अवैध व्यक्ती

"काय म्हनतोय तो डबा?" हौसा कोळणीने खिडकीच्या जाळीला नाक लावून विचारलं.

डबा म्हणत होता, 'अवैध व्यक्ती. एरर ४१७.' पालिकेत वीस वर्षं कारकुनी केलेल्या चारुदत्तला हे बाईच्या तोंडावर वाचायचा धीर होईना. गेल्या तीन खेपांना त्याने "सर्व्हर डाऊन आहे, मावशी" म्हणून तिची बोळवण केली होती. आज शेवटचा दिवस. पाचला नोंदणी बंद. मग पनवेलच्या नव्या मासळी बाजारात तिला ओटा नाही. सासूपासूनची जागा गेली.

"माज्या जावेचा, जनीचा अर्ज झाला पयल्याच दिवशी. मंग माजाच का नाय? मी काय चोरटी हाय?"

चारुदत्तने सॉफ्टवेअर कंपनीला फोन लावला. पलीकडचा कुंदन नावाचा पोरगा अगदी प्रसन्न मूडमध्ये होता.

"सर, फोर वन सेव्हन म्हणजे डुप्लिकेट. आडनाव, गाव, जन्मतारीख सेम आली की सिस्टिम दुसऱ्याला रिजेक्ट करते."

"मग तसं लिहायला काय झालं होतं?"

"युजरला एवढं डिटेल लागत नाही, सर."

चारुदत्तने फॉर्म पाहिला. जन्मतारीख एक जून १९५८. जनीचीही तीच. असणारच! शाळेत नाव घालताना बळीराम गुरुजींनी अख्ख्या कोळीवाड्याला एक जून वाटला होता. खुद्द चारुदत्तही एक जूनचाच. कागदोपत्री निम्मा तालुका एकाच दिवशी जन्मला होता; सुइणींनी ते कसं निभावलं, हे एकाही इंजिनियरला विचारावंसं वाटलं नव्हतं.

"अहो, बाई माझ्यासमोर उभी आहे! जनी वेगळी, ही वेगळी."

"सिस्टिममध्ये तसा ऑप्शन नाही, सर."

"मग सिस्टिमला इकडे पाठवा. दोघी जावांच्या मधे बसवतो. कोण वैध, ते दोन मिनिटांत कळेल."

फोन कटला. पाच वाजले. पडद्यावर आलं, 'नोंदणी बंद झाली आहे. धन्यवाद.' तेवढं मात्र स्वच्छ मराठीत.

चारुदत्तचं डोकं सणकलं. कंपनीवर तर होताच, पण तीनदा 'सर्व्हर' म्हणणाऱ्या स्वतःवर राग जास्त होता. त्याने फॉर्म उलटा केला, मागे खसाखसा लिहिलं, शिक्का हाणला, मूळ कागद फायलीला लावला आणि झेरॉक्स तिच्या हातात दिली.

"वाचा ना, भाऊ."

"हौसा कोळी व जनी कोळी या दोन वेगळ्या स्त्रिया आहेत. जन्मतारीख शाळेने दिली आहे. अर्ज मुदतीत आला होता. चूक अर्जदाराची नाही, आमची आहे."

"शेवटलं परत वाचा."

त्याने परत वाचलं.

पंधरवड्याने चारुदत्तला मेमो आला. 'नियमबाह्य कृती. खुलासा करावा.' कुठली कृती, कुठला नियम, काही लिहिलं नव्हतं.

संध्याकाळी तो बाजारात गेला. आत पांढऱ्या फरशीचे नवे ओटे चकाकत होते. जनीच्या शेजारच्या ओट्यावर भलतीच बाई बसली होती. हौसा फाटकाबाहेर, जमिनीवर, पाटी मांडून होती. मागच्या खांबाला प्लास्टिकच्या पिशवीत तो कागद टांगलेला.

एका गिऱ्हाइकाने बोंबलांचा भाव विचारला.

"पयला तो कागद वाच," हौसा म्हणाली. "मोठ्यान् वाच. मंग भाव सांगतंय."