पानमळ्यातली शिरगणती

२००१ सालच्या फेब्रुवारीत मीराबाई जनगणनेचे कागद घेऊन पापडी गावात म्हाताऱ्या काशिनाथच्या ओटीवर आल्या. मुलाचं आणि सुनेचं ‘नोकरी, मुंबई’ लिहून झालं. अडलं ते म्हाताऱ्यापाशी.

“बाबा काही करत नाहीत. रिटायर,” मुलाने, देवेंद्रने, परस्पर सांगून टाकलं.

काशिनाथच्या मस्तकात तिडीक गेली. दोनशे वर्षं या घराने विड्याच्या पानाशिवाय दुसरा धंदा केला नव्हता. त्याच्या लहानपणी गावात पंचवीस पानमळे होते. मग कोणी बँकेत लागला, कोणी आखातात गेला, मळ्यांवर बंगले उठले. उरला होता हा एक.

“कोन रिटायर? चला बाई, दाखवतो. चपला भायेर काढा. मळ्यात चालत नाय.”

बाई अनवाणी आत आल्या. बहुतेक वेली वाळल्या होत्या. विहीर खारी झाली होती, म्हणून म्हातारा घरच्या नळाचे हंडे वाहून चार वेली कशाबशा जगवत होता.

“वर्षातून किती दिवस काम करता, काका?”

“रोज.”

“आणि पान किती विकलं?”

“एकपन नाय. इहीर खारी झालीय.”

बाईंचं पेन थांबलं. “विहीर खारी कशी झाली?”

काशिनाथ विहिरीच्या पाळीवर बसला. घरातही कधी न बोललेलं तो या परक्या बाईजवळ बोलून गेला. “त्र्याण्णव साली टँकरवाला आला. आचोळ्याला नवी इमारत झालीय, पोरं तहानलीत, म्हनाला. इहिरीवर आलेल्याला आमच्यात नाय म्हनत नाय. मी भरू दिलं. मग गावभर पंप बसले, टँकर लागले, आनि खालून दर्याचं खारं पानी चढलं. सुरुवात माझ्या हातची, बाई.”

मीराबाईंचा चेहरा उतरला. “काका, त्या इमारतीत आम्ही राहतो. तेव्हा दोन दिवस पाणी नव्हतं. माझी मुलगी सात महिन्यांची होती.”

आता म्हातारा भडकणार, असं त्यांना वाटलं. त्याला राग आलाही, पण कोणावर, ते ठरेना.

“पानी गोड होतं ना?” त्याने विचारलं.

“खूप गोड होतं, काका.”

“पोरगी कशी हाय?”

“तिसरीत आहे. ओवी नाव तिचं.”

“या कागदांत मोजलीत तिला?”

“मोजली.”

काशिनाथने पंच्याने तोंड पुसलं. “मग पानी वाया नाय गेलं. लिहा माझ्यापुढं, काम करत नाय.”

बाईंनी तिथेच, अनवाणी उभ्या राहून, तसं लिहिलं.