डाव्या बाहीवरचं रफू

"बाई, भांडायचं तर आत्ताच भांडून घ्या. तुमच्या कोटाला इस्त्रीचा चटका लागला. माझ्याच हातून."

समोरच्या लाँड्रीतून धाकट्या भावाचा आवाज आला, तसा थोरल्यानं आपली इस्त्री उभी करून ठेवली आणि पडद्याच्या फटीला डोळा लावला. आता तमाशा रंगणार म्हणून तो खुशीत होता. शाळेतल्या त्या बाई तोंडानं भलत्याच फटकळ. त्यांच्या अंगात आज करडं जाकीट होतं. त्याची डावी बाही मागे थोरल्याच्याच हातून जळली होती. पण त्यानं आतल्या शिवणीतले धागे काढून असं रफू केलं होतं, की बाईंना आजवर पत्ता नव्हता. धंदा असा करायचा असतो! गिऱ्हाइकाला सगळं कशाला सांगत बसायचं?

बाई कडाडल्या खऱ्या. पण मग धाकट्यानं पुढे केलेल्या स्टुलावर बसल्या, आणि जाताना घरचे पडदेही धुवायला टाकून गेल्या. थोरल्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

धाकटा त्याच्याच हाताखाली शिकलेला. "दादा, जळलं तर सांगून टाकू या ना," अशी त्याची सारखी भुणभुण. "तुला धंदा करायचाय की दानधर्म?" म्हणत थोरल्यानंच त्याला वेगळा काढला. पठ्ठ्यानं समोरच गाळा घेतला आणि इस्त्रीचं टेबल थेट रस्त्याकडे तोंड करून मांडलं. थोरल्याच्या पडद्यामागे काय चालतं ते कुणालाच दिसत नव्हतं. एकेक गिऱ्हाईक रस्ता ओलांडून गेलं.

"भाऊजी सांगून मोकळे होतात," डबा उघडता उघडता बायको म्हणाली. "तुम्ही मात्र झुरत बसता."

"मग त्यालाच नेऊन वाढ डबा!"

तेवढ्यात धाकटाच कोट घेऊन दारात उभा राहिला. "दादा, हे तुझ्याशिवाय कुणाला जमायचं नाही. बाईंना सांगितलंय, माझा दादा करील."

"तुझी घाण मी निस्तरू?"

"लहानपणापासून कोण निस्तरतंय?" धाकटा हसला आणि कोट ठेवून गेला.

थोरल्याच्या मनात पाप आलं. दोनचार टाके जरा ओढून घेतले की कापडाला चुण्या पडणार, कोट वाया जाणार. मग बघू या साहेबांचा खरेपणा कुठवर पुरतो! सुई ओवतानाही त्याच्या डोक्यात हेच होतं. पण बोटं ऐकेनात. त्यांना वाईट काम करायची सवयच नव्हती. धाग्याला धागा लागत गेला आणि डाग होता कुठे, हे त्याचं त्यालाच शोधावं लागलं.

बाई आल्या तेव्हा थोरला पुन्हा फटीशी होता. धाकट्यानं कोट उजेडात धरला. बाईंनी चष्मा पुसून पुसून पाहिलं. मग धाकट्यानं बोट दाखवलं आणि बाई तरातरा रस्ता ओलांडून आल्या. थोरल्याला पडद्याबाहेर यावंच लागलं.

"अहो, हे तुम्ही केलंत? इतकी वर्षं तुमच्याकडे कपडे टाकत होते, कधी बोलला नाहीत! एवढी कला हातात आणि लपवून ठेवलीत?"

आजवर त्याच्या रफूला कुणी छान म्हटलं नव्हतं. म्हणणार तरी कोण? बाईंची डावी बाही अगदी समोर, हाताच्या अंतरावर होती. ते काम तर कोटापेक्षाही सरस होतं. धाकटा असता तर केव्हाच बोलून गेला असता. त्या धाकट्याचा त्याला आत्ता जेवढा हेवा वाटला, तेवढा गिऱ्हाइकं गेली तेव्हाही वाटला नव्हता.

"बाई, तुमची ही बाही..."

"काय झालं बाहीला?"

"काही नाही. छान बसलीय."

बाई हसून निघाल्या. समोरून धाकट्यानं कौतुकानं हात हलवला, पण थोरल्याचं तिकडे लक्ष नव्हतं. करडी बाही गर्दीतून पुढे पुढे चालली होती. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत तो पडदा हातात धरून पाहत राहिला.