थोरलीच्या मापाची सायकल

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. खाली वळलेल्या हँडलची, लांब पल्ल्याची. माझा रंग एके काळी ओल्या पाटीसारखा होता. आता तो चेनच्या बाजूला खरवडून निघाला आहे आणि सीटची शिवण एका कडेने उसवली आहे. माझी उंची चारेक बोटे जास्त आहे. एरवी सायकलीच्या उंचीत सांगण्यासारखे काय असते? पण माझ्या आयुष्यात जे बरेवाईट घडले ते या चार बोटांमुळे घडले, म्हणून आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म पत्र्याच्या छपराच्या एका लांबट कारखान्यात झाला. तिथे नळ्या कापत, त्यांची टोके घासत आणि जाळाने एकमेकींना सांधत. मला सांधणारी बाई काळा चष्मा लावून दिवसभर मुकाट्याने काम करी आणि सांधा गार झाला की त्यावरून एकदा अंगठा फिरवी. शेजारच्या रांगेत शर्यतीच्या सायकली बनत. त्या अंगाने सडसडीत, पुढे झुकलेल्या, सदा घाईत असल्यासारख्या. आमची रांग वेगळी होती. आमचे हँडल खाली वळलेलेच, पण थोडे उंच बसवलेले, टायर रुंद, चढणीसाठी हलके गिअर आणि मागे पिशवी अडकवायला भोके. आम्हाला कुठे पहिले यायचे नव्हते. दिवसभर चालून संध्याकाळी धडपणे घरी यायचे, एवढेच आमचे काम.

पुठ्ठ्याच्या खोक्यातून मी ज्या दुकानात आले, त्याच्या मालकांना सगळे मास्तर म्हणत. ते पूर्वी शिंपी होते. धंदा बदलला तरी गळ्यातली टेप काही उतरली नव्हती. गिऱ्हाईक आत आले की आधी त्याच्या पायाचे, हातांचे आणि खांद्यांचे माप घ्यायचे, मग सायकल दाखवायची, अशी त्यांची रीत. कपडा ढगळ झाला तर माणूस नुसता गबाळा दिसतो, सायकल ढगळ झाली तर तो हाडांतून बोंबलतो, असे ते सांगत.

तिथे एके दिवशी थोरली आली. मी तिला थोरली म्हणते, कारण ती स्वतःविषयी बोलताना दर दोन वाक्यांनी धाकटीवर येई. ती उंच होती, हात लांब. भूमापनाच्या कचेरीत तिने तीस वर्षे नकाशे काढले होते आणि चार महिन्यांनी ती निवृत्त होणार होती. इतकी वर्षे जे रस्ते कागदावर काढले ते एकदा खाली उतरून बघायचे, असे तिच्या मनात होते. तिने मास्तरांना भंडावून सोडले. पन्नास किलोमीटर गेल्यावर पाठ धरेल का, रस्ता खराब असला तर हात झिणझिणतील का, सीट मऊ घ्यावी की कडक? मास्तरांनी तिला शांतपणे समजावले. सीट फार मऊ असली तर माणूस तिच्यात रुततो आणि जास्तच दुखते, बसायची हाडे नीट टेकली पाहिजेत. टायर रुंद असला म्हणजे त्यात हवा थोडी कमी ठेवता येते आणि धक्के वरपर्यंत येत नाहीत. पण सगळ्यात मोठी गोष्ट माप. कोपर मोकळे राहिले पाहिजेत आणि पाय खाली गेला की गुडघ्यात किंचित बाक उरला पाहिजे.

मग तिला माझ्यावर बसवले. तिचे हात हँडलवर असे टेकले, की जणू तिथे आधीपासूनच होते. मास्तरांनी टेप काढलीसुद्धा नाही.

"ही ठेवा माझ्यासाठी," ती म्हणाली. "पुढच्या वेळी धाकटीला आणते. ती भुलीची डॉक्टर आहे, जन्मभर लोकांना झोपवत आली. तिला तुम्ही जरा जागी करा."

दोघी बहिणी बावीस वर्षे एकाच घरात राहत होत्या. सायकली दोन घ्यायच्या आणि जायचे ते बरोबर, असे त्यांचे ठरले होते. मास्तरांनी माझ्या हँडलला 'थोरल्या बाई' अशी चिठ्ठी बांधली. त्या चिठ्ठीने मला फार बरे वाटले. कुणाची तरी असणे म्हणजे काय, ते मला तेव्हा पहिल्यांदा कळले.

दीड महिना कोणीच आले नाही. मग एका दुपारी धाकटी एकटीच आली. ती ठेंगणी होती, कपड्यांना इस्त्री होती, केस नीट विंचरलेले होते. ताई अकरा दिवसांच्या आजारात गेली, असे तिने सांगितले. दवाखान्यातला फॉर्म वाचून दाखवावा तशा आवाजात सांगितले. मास्तर खुर्ची पुढे करायला गेले, पण ती उभीच राहिली. ताईने ठेवायला सांगितलेली सायकल न्यायला आले आहे, म्हणाली.

मास्तरांनी नको म्हटले. ही तुमच्या मापाची नाही, हात फार लांब टाकावे लागतील, असे दोनदा सांगितले. माझ्याच जातीची एक लहान सायकल होती, तिच्यावर त्यांनी तिला बसवले. कशी वाटते, विचारले. "ठीक आहे," ती म्हणाली. मग माझ्यावर बसवले. मी तिला उघड उघड मोठी होत होते, तिचे खांदे कानांपाशी गेले होते. कशी वाटते?

"ठीक आहे. हीच द्या."

मित्रांनो, आरामाची सायकल निवडायची तर माणसाला कुठे टोचते ते सांगता यावे लागते. जिला काहीच लागत नाही, तिला काय निवडून देणार? मास्तरांनी हात टेकले. त्यांनी माझी सीट खाली घेतली, पुढे सरकवली आणि हँडल धरणारी दांडी काढून आखूड बसवली. यापुढे मला आणखी लहान करणे कुणाच्या हातात नव्हते. दोन आठवड्यांनी येऊन कुठे दुखते ते सांगा, असे त्यांनी बजावले. ती बरे म्हणाली, पण पुन्हा तिकडे फिरकली नाही.

सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही निघत असू. कालव्याच्या कडेने, पाण्याच्या टाकीवरून, विटांच्या भट्ट्यांपलीकडे. तीस किलोमीटर, चाळीस, कधी साठ. ती एकाच गतीने पेडल मारी. चढ आला तरी तेच, उतार आला तरी तेच. कुठे थांबून बघणे नाही, कुणाशी बोलणे नाही. ठरलेल्या मैलाच्या दगडापाशी ती दोन बिस्किटे खाई, आणि दुसरे खाताना पहिले खाल्ले होते हे तिला आठवत असेल असे वाटत नसे. घरी आल्यावर मला बोळात टेकवून ठेवी. तिथून थोरलीची खोली दिसे. नकाशांचे तिरके टेबल, त्यावरचा दिवा, टेबलाखाली चपला. धाकटी रोज त्या खोलीतला केर काढी, चपला उचलून त्यांच्याखालचे पुसून घेई आणि त्या होत्या तशा ठेवी.

मला वाटे, मी थोरलीची म्हणून ती मला जपते आहे. मी खूश होते. तिच्या मनगटांवर किती भार पडतो ते मला हँडलमधून कळत होते, पण ते मी मनावर घेतले नाही. खोटे कशाला बोलू?

चौथ्या महिन्यात एका सकाळी आम्ही कालव्याच्या पुलावरून खाली येत होतो. उताराच्या तळाशी रस्त्याचे काम निघाले होते आणि खडीचा ढीग होता. तो तिला लांबूनच दिसला. तिची बोटे ब्रेकवर आली, पण दाबली गेली नाहीत. निदान पुरेशी नाहीत. ती आपल्या बोटांकडे बघत राहिली, आणि आम्ही खडीत गेलो.

माझे पुढचे चाक वाकडे झाले. तिचा तळवा सोलला गेला. खडीवर बसून ती त्या रक्ताकडे बघत होती, एखाद्या पेशंटचा हात बघावा तशी. मग उठली आणि मला ढकलत चार किलोमीटर चालत मास्तरांच्या दुकानात आली.

मास्तरांनी आधी तिची जखम धुतली, पट्टी बांधली. तेव्हा तिने बसून सांगितले. बरेच दिवस तिची बोटे बधिर होती. त्या आठवड्यात एका पेशंटला सलाईन लावताना तिच्या बोटांना शीर लागेना. पंचवीस वर्षे डोळे मिटून सापडणारी शीर. शेवटी सिस्टरने शोधून दिली. धाकटीने हे कुणालाच सांगितले नव्हते. तेव्हा भीती वाटली का, मास्तरांनी विचारले. नाही, ती म्हणाली, पण वाटायला हवी होती.

 चूक माझी आहे, मास्तर म्हणाले, तुमचे माप मला दिसत होते तरी मी सायकल दिली. मग त्यांनी लहान सायकल स्टँडवर चढवली आणि तिला वर बसायला सांगितले. कशी वाटते, असे या वेळी त्यांनी विचारले नाही.

"भूल चढली की नाही, हे तुम्ही कसं ओळखता?" त्यांनी विचारले.

"पायाला चिमटा काढते. कळतंय का विचारते."

"कळतंय म्हणाला तर?"

"थांबतो आम्ही. कळत असताना कापायचं नसतं."

"मग मीही थांबतो. कुठे कळतंय ते सांगा. घाई नाही."

तिने पेडल मारायला सुरुवात केली. मास्तर स्टूल घेऊन शेजारी बसले. ते सीट केसभर वर करत, पुन्हा खाली घेत, हँडल किंचित फिरवत आणि दर वेळी एकाच जागेचे विचारत. मनगट? नाही. कोपर? नाही. पाठ? माहीत नाही. दोन गिऱ्हाइके येऊन गेली, त्यांना उद्या या म्हणून सांगितले. तास उलटून गेला असेल. अचानक तिचे पाय थांबले. पट्टी बांधलेला हात तिने मानेमागे नेला.

"इथे," ती म्हणाली. "इथे दुखतंय." आणि थोड्या वेळाने, "खूप दुखतंय, मास्तर."

ती रडली वगैरे नाही. स्टँडवरच्या सायकलीवर तशीच बसून राहिली, मानेवर हात ठेवून.

त्या दिवशी ती लहान सायकल घेऊन गेली. मी दुकानात राहिले. जाताना तिने माझ्याकडे पाहिले नाही. माझे चाक सरळ झाले, आणि मला मागच्या भिंतीवरच्या आकड्याला टांगले. तिथे मी चौदा महिने होते. टायरांतली हवा हळूहळू गेली. चेनवर धूळ बसली, मग धुळीचा थर झाला. चार महिने एखादीला रोज जपावे आणि मग भिंतीला लावावे, याचा मला राग यायला हवा होता. पण आकड्याला टांगल्यावर राग येत नाही. काहीच येत नाही. खालून माणसे जातात, दार वाजते, दिवस मावळतो. धाकटी इतके महिने कशी जगत होती, ते मला तिथे लोंबकळताना समजले.

मास्तर मला कुणालाही दाखवत नसत. मागणारे दोघे-तिघे आले, पण टेप लावून त्यांनी सगळ्यांना परत पाठवले. मग पोहायला शिकवणारी एक उंच बाई आली, रुंद खांद्यांची, मोठ्याने हसणारी. तिचे गुडघे कुरकुरत होते आणि तिला निवांत, लांब फिरायचे होते. तिचे हात माझ्या हँडलवर सहज पोचले. तरी मास्तरांनी तिला थांबवले आणि धाकटीला फोन केला.

धाकटी आली. तिने एक फडके मागून घेतले आणि माझ्या नळ्या, चाके, चेनची एकेक कडी पुसून काढली. टायरांत हवा भरली. बोटाने दाबून पाहिली. मग मास्तरांना विचारले,

"तिला मापाची होते का?"

"अगदी."

तिने माझ्या सीटवर हात ठेवला. "मग देऊन टाका," म्हणाली. "ताई असती तर मला ओरडली असती."

मित्रांनो, त्याला आता नऊ वर्षे झाली. पोहणाऱ्या बाईने माझ्यावरून कितीतरी गावे पाहिली. ती वाटेत गाते, थांबते, जांभळे तोंडात टाकते आणि जिभेचा रंग माझ्या आरशात बघते. तिचे हात कधी बधिर झाले नाहीत. धाकटी मला एकदाच भेटली, समोरून येताना, त्या लहान सायकलीवर. खांदे खाली होते, कोपर मोकळे. तिने मला ओळखले की नाही ते सांगता येत नाही. घंटी मात्र वाजवली, आणि ज्वारीच्या शेताकडे मान वळवून बघत निघून गेली.

तुम्ही कधी सायकल घ्यायला गेलात, तर रंग बघून घेऊ नका. कुणाच्या आठवणीसाठीही घेऊ नका. आपले माप घ्या, तासभर बसून पाहा आणि कुठे दुखते ते लाज न बाळगता सांगा. घरी नेल्यावर आठवड्याला हवा बघा, चेन पुसा, तेलाचे दोन थेंब सोडा. आणि एखादी सायकल तुमच्या मापाची नसेल, तर तिला बोळात कोंडून ठेवू नका. ती कितीही प्रिय असली तरी तिच्या मापाच्या माणसाकडे जाऊ द्या. सायकलीला वाईट वाटते. पण ती चालत राहते.

मला धाकटीची आठवण येते. मी तिची व्हावे असे मला फार वाटत होते. पण मी तिला मोठी होत होते.