जास्तीचे सेकंद न देणारं घड्याळ

मित्रांनो, मी बुद्धिबळाचं एक जुनं घड्याळ आहे. लाकडी पेटी, शेजारी शेजारी दोन तबकड्या, डोक्यावर दोन बटणं. खेळाडूने चाल करून बटण दाबलं की त्याचा काटा थांबतो आणि समोरच्याचा सुरू होतो. वेळ संपत आली की काटा एक छोटा लाल झेंडा वर उचलतो, आणि संपली की सोडून देतो. झेंडा पडला की तुम्ही हरलात, मग पटावर कितीही थाट असो. आयुष्यभर दोन माणसांच्या मधे बसून दोघांच्या थपडा खायच्या, हे माझं काम. दमलो हो मी.

एका घड्याळजीने गजराची दोन घड्याळं मोडून मला जोडलं. त्यामुळे माझी डावी बाजू उजवीपेक्षा जरा मोठ्याने वाजते. डावीकडे बसणारे कायम कुरकुरायचे.

तेव्हा राष्ट्रीय स्पर्धा एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात भरायची. आमच्या संघात चौघे होते: पोस्टमन, शिंपी, कंपाउंडर आणि गणिताचे मास्तर. रजा मिळवता मिळवता त्यांच्या नाकी नऊ यायचे. डाव संध्याकाळपर्यंत संपला नाही तर दुसऱ्या दिवशी पुढे खेळायचा. शिंपीकाका म्हणे झोपेतसुद्धा घोडे हलवायचे. एका वर्षी शेवटचा डाव पोस्टमनकाकांनी जिंकला आणि आमचा संघ देशात पहिला आला. लोकांनी चौघांना खांद्यावर घेतलं. मलाही कुणीतरी उचललं, आणि पाडलं.

पुढे आकडे दाखवणारी घड्याळं आली. प्रत्येक चालीला ती खेळाडूला वर थोडे सेकंद बक्षीस देतात. माझी रवानगी कपाटात झाली. जुनं ते सोनं म्हणतात, पण सोन्याला कुणी तुटक्या मोहऱ्यांच्या डब्यात ठेवत नाही.

इतक्या वर्षांनी मला बाहेर काढलं ते एका सत्कारासाठी. यंदाचा संघ पुन्हा देशात पहिला आला होता. त्यांच्याबरोबर प्रशिक्षक होता, डॉक्टर होता, प्रत्येकाकडे लॅपटॉप होता. जुन्या संघातले एकटे पोस्टमनकाका उरले होते, ते पहिल्या रांगेत बसले होते. निवेदक माइकवर म्हणाला, "आम्ही जुने डाव कॉम्प्युटरवर तपासले. आजच्या संघाने त्या चौघांना चारही पटांवर सहज हरवलं असतं."

लोक हसले. काका हसले नाहीत. ते उठून म्हणाले, "मग एक डाव होऊन जाऊ दे. चौघांच्या वतीने मी बसतो."

समोर यंदाच्या विजेत्या संघातली एक मुलगी बसली. चणीने लहान, म्हणून संघात तिला चिमणी म्हणतात. संघटनेचे सेक्रेटरी तिच्या कानाशी लागले. "जरा सांभाळून घे. म्हातारा माणूस आहे, बरोबरीत सोडव."

काकांना ऐकू गेलं. ते पटावर मोहरे मांडत म्हणाले, "पोरी, माझ्यावर उपकार नको करूस."

मला दोघांच्या मधे ठेवलं आणि डाव सुरू झाला. अर्ध्या तासातच काकांचा राजा उघडा पडला. चिमणी मात्र निवांत विचार करत होती. तिच्या बाजूचा माझा लाल झेंडा वर उचलला गेला तरी ती हनुवटीला हात लावून बसलेली. तिच्या हाडीमासी खिळलं होतं की शेवटी सेकंद मिळतातच. मी कुठून देणार?

"झेंडा पडला, बाळ," काका हळूच म्हणाले.

टाळ्या वाजल्या. सेक्रेटरींचा जीव भांड्यात पडला. "शाब्बास. काय छान सांभाळून घेतलंस," ते तिला म्हणाले.

काकांचा चेहरा उतरला. "मुद्दाम हरलीस?"

"मुद्दाम?" चिमणीचे डोळे भरून आले होते. "काका, दोन चालींत मात होती. जिंकत होते मी. हे घड्याळ सेकंद का देत नाही?"

"आमच्या वेळी ते कुणालाच देत नव्हतं गं."

ती तळहाताने गाल पुसत होती, आणि तिचं नाक रागाने लाल झालं होतं. ते बघून काकांचा चेहरा खुलला. मग म्हणाले, "तू जिंकत होतीस, ते मला दिसत होतं. आम्ही चौघे तुमच्यापुढे टिकलो नसतो बहुतेक. पण आमच्यासमोर बसून तू खरी खेळलीस. मला एवढंच हवं होतं."

"मग मांडा परत," चिमणी म्हणाली. काका पार थकले होते. तरी त्यांनी राजा उचलून जागेवर ठेवला. दुसऱ्या डावात तिने त्यांना धुऊन काढलं, आणि ते घरी गेले ते शीळ घालत.

म्हणून मित्रांनो, एकच विनंती. म्हाताऱ्यांशी खेळताना दया म्हणून हरू नका. ते त्यांना कळतं, आणि फार लागतं. आणि मला चावी देणार असाल तर जरा हळू द्या.