पाऊण सेंटीमीटर

पहाटे चारला गीताबाईनं आपल्या धडधाकट लेकीला गोधडीसकट उचललं आणि टेम्पोत आडवं घातलं. डोक्याकडून ती, पायांकडून नवरा दादू. सारिका वीस वर्षांची, हिर्डोशीच्या चढाला रोज पाच किलोमीटर पळणारी. पण त्या दिवशी तिला जमिनीला पाय लावायची बंदी होती.

ओट्यावरून सासूबाई धोंडाबाई बघत होत्या. "लगीन लावून पाठवताना बी पोरीचे इतके लाड कुणी करत न्हाई गं," त्या म्हणाल्या.

पोलीस भरतीला मुलीची उंची एकशे पंचावन्न सेंटीमीटर लागते. गेल्या वर्षी सारिका उंचीत थोडक्यानं हुकून घरी आली होती. ह्या खेपेला हुकलं तर शिरवळला कंपनीत पॅकिंगला जाईन, असं तिनं सांगून टाकलं होतं. आणि ती सांगते ते करते, हीच तर गीताबाईला धास्ती.

मधे सारिका सरावात हातावर पडली, तेव्हा भोरला मनगटाचा एक्स-रे काढला. तिथल्या डॉक्टर वैदेही मॅडमनी तो उजेडाला धरून दाखवला. लहान पोरांच्या हाडाच्या टोकाशी एक फट दिसते. तिथं हाड नसतं, मऊ कूर्चा असते. ती वाढत जाते, मागून तिचं हाड होत जातं, आणि माणूस उंच होतं. सारिकाची फट मिटलेली होती. हाड मोडलं नव्हतं, पण वाढ संपली होती.

"म्हंजी आत काईच शिल्लक न्हाई?" गीताबाईनं विचारलं. कणगीत वाकून बघावं तसं ती त्या एक्स-रेत बघत होती.

"हाय की," सारिका म्हणाली. भरतीसाठी तिनं सामान्य ज्ञान कोळून प्यायलं होतं. "गळ्याखालचं हाड पंचविशीपर्यंत पक्कं होत ऱ्हातं."

"ते आडवं गं! आडवं वाढून पोलिसात घेत्यात व्हय?"

मग सारिकानंच दुसरी वाट काढली. पाठीच्या मणक्यांमधे गाद्या असतात, दिवसभर उभं राहून त्या दबतात, रात्री झोपलं की फुगतात. तिनं दाराच्या चौकटीला टेप लावून महिनाभर मापलं. संध्याकाळी एकशे चोपन्न नि वर थोडं, सकाळी उठल्या उठल्या पाऊण सेंटीमीटर जास्त. मात्र उठल्यावर पहिल्या तासातच त्यातलं बरंचसं जातं. म्हणून हा टेम्पो, हा पेंढा, ही गोधडी. पुण्याला भरतीच्या मैदानापर्यंत कणा आडवाच न्यायचा.

गाडी निघाली. गीताबाई लेकीच्या उशाशी बसली. पहिल्या खड्ड्याला तिनं केबिनच्या पत्र्यावर थाप मारली. "अवो, हळू! गेला की एक मिलिमीटर!"

"रस्ता म्या केलाय व्हय?" पुढून दादू ओरडला.

"आई, आडव्या माणसाला खड्ड्यानं काय होत न्हाई," गोधडीतून आवाज आला.

"तू बोलू नको. बोलताना मान हलती."

भोरला एसटी स्टँडपाशी दादू चहाला थांबला. त्याच्या ओळखीचा हनुमंत गाडीजवळ आला. त्यानं ताडपत्रीखाली डोकावून बघितलं. गोधडीत सरळ ताठ पडलेली पोर, उशाशी पदर डोक्यावर घेऊन बसलेली आई. त्यानं टोपी काढली.

"कधी झालं, वहिनी?"

"आजून कुठं? आठला हाय," गीताबाई म्हणाली.

हनुमंताला काही सुधरेना. तेवढ्यात गोधडी म्हणाली, "काका, रागावू नका, उठून पाया पडता येत न्हाई." हनुमंत जो मागं सरला तो चहाच्या टपरीत जाऊनच टेकला. त्याला दुसरा चहा दादूनं पाजला.

कामथडी मागं पडली तसं उजाडलं. शेवटी गीताबाईनं मनातलं काढलं.

"सारे, तुला अकराव्या वर्षी म्या दोन-दोन हंडे दिलं डोक्यावर. झऱ्यापासून घरापर्यंत. तुझी आजी म्हणायची, पोर खुंटंल. म्या ऐकलं न्हाई. ऐकून पाणी कुणी आणलं असतं?"

सारिका वर ताडपत्रीकडं बघत होती. दुसरीकडं बघायची तिला सोय नव्हती.

"आई, तू केवढी?"

"मला काय म्हायती."

"म्या मापलंय. चार फूट दहा. आप्पा पाच फूट तीन. म्या तुमच्यावर गेले, हंड्यावर न्हाई." आणि वर आणखी, "आन् जन्मल्यावर माणसाला तीनशेच्या आसपास हाडं असत्यात, मोठेपणी दोनशे सहा ऱ्हात्यात."

"बाकीची कुठं जात्यात?"

"कुठं न्हाई. येकमेकांत जुळत्यात."

"बरं हाय बाई. आपल्या भावकीपरीस हाडं शहाणी," गीताबाई म्हणाली, आणि पदरानं नाक पुसलं.

पुण्यात मैदानापाशी ताडपत्री वर केली आणि गीताबाई बघतच राहिली. कुंपणाबाहेर चादरी, सतरंज्या, पोती अंथरून पंचवीस-तीस पोरी सरळ उताण्या पडल्या होत्या. प्रत्येकीच्या उशाशी एक आई. तिला वाटलं होतं, ही अक्कल फक्त आपल्याच घरात आहे.

दादूनं सारिकाला उचलून तशीच एका सतरंजीच्या कडेला ठेवली. सतरंजीवाली वेल्ह्याची होती. "तुमची कितीची?" तिनं विचारलं.

"पाऊण. तुमची?"

"अर्धा. बघू आता काय होतंय ते."

कर्णा वाजला. "उठा बायांनो, हे मैदान आहे, माहेर नाही!" पहिल्या पन्नासात सारिकाचा नंबर होता. ती उठली आणि अंड्यांची पाटी डोक्यावर असल्यासारखी फाटकातून आत गेली.

गीताबाई कुंपणाचे गज धरून उभी राहिली. आत एकेक पोर मापाच्या पट्टीखाली जात होती. काही डावीकडं जात होत्या, काही उजवीकडं, आणि कुठली बाजू बरी ते बाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं. सारिका उजवीकडं गेली. वेल्ह्याची पोर डावीकडं गेली आणि ओंजळीत तोंड घालून खाली बसली. सतरंजीवालीनं सतरंजीची घडी घालायला घेतली. गीताबाई तिला घडी घालू लागली.

थोड्या वेळानं सारिका कुंपणापाशी आली, लंगडत.

"एकशे पंचावन्न आन् वर येक रेघ," ती म्हणाली. "पण आई, पोटरीत गोळा आलाय. चार तास हलू दिलं न्हाईस. आन् आता आठशे मीटर पळायचंय."

"दे हिकडं पाय."

सारिकानं पाय गजातून बाहेर काढला. गीताबाई मातीत बसली आणि दोन्ही हातांनी पोटरी रगडू लागली. शिट्टी वाजली.

"आई, सोड. नंबर पुकारला."

"पुकारू दे. ह्यो गोळा सुटला की सोडते."

गोळा सुटला. सारिका पळाली. पहिल्या वळणाला ती मागून तिसरी होती, दुसऱ्याला मधे. गीताबाईनं गज सोडून दादूचा हात धरला होता, हे तिचं तिलाच कळलं नव्हतं.

"अगं, बोटं मोडतील माझी," दादू म्हणाला.

"मोडू द्या," ती पोरीवरची नजर न काढता म्हणाली. "तुमची कुणाला मापायचीत?"