तिफणीचा बोळा

लढाऊ विमान बाईनं उडवावं, पण लढू नये, अशी कोकिळाच्या तळावरची रीत. दुरुस्त झालेली विमानं तिनं पूर्वेच्या तळावर पोचवायची आणि तिथून पोरांनी ती ब्रह्मदेशाच्या लढाईवर न्यायची. १९४४ च्या माघापर्यंत तिनं एकतीस खेपा केल्या. एक चाकही फोडलं नाही. त्याच काळात पुरुषांनी सात विमानं मोडली. त्यांना चहा मिळाला, वर पाठीवर थाप. कोकिळाला मात्र साहेबानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "तुझी एक चूक झाली, की उडणं बंद, तू टेलिफोनवर."

बत्तिसाव्या खेपेला सातपुड्याच्या कडेकडेनं जाताना तेलाचा काटा खाली यायला लागला. खाली वरवट बकाल होतं, तिचं गाव. गावाबाहेरचं गायरान किती टणक आहे ते तिला गुरांमागं धावून ठाऊक होतं. तिथंच उतरली.

सगळं गाव लोटलं. पुढं पुंजाजी, तिच्या बापाचा म्हातारा सालदार, हातात कुऱ्हाड.

"अवं, हे तं आपली कोकिळा! मले वाटलं जपानी आला."

"मंग कुऱ्हाडीनं काय करत होता, पुंजाजी काका?"

"काय करतो? हाती काही असलं तं पळाले सोपं जाते!"

लोक हसले. आई, तानुबाई, पदरात भाकर बांधून आली आणि लेकीकडं बघून तिनं कपाळावर हात मारला. "पायजमा घालून आली व माय! लोक काय म्हनतीन?"

"लोक विमान पाहून राह्यले, आई. पायजमा तूच पाहतेस."

बाप, रंगराव, दूर बाभळीखाली उभा होता. तीन वर्षांपूर्वी ठरलेलं लग्न मोडून ती विमान शिकायला गेली, तेव्हा 'माह्यासाठी मेली' म्हणाला होता. तेव्हापासून एक शब्द नाही.

तेलाच्या नळीचा नट ढिला झाला होता. कोकिळानं तो आवळला, सोबतच्या डब्यातलं तेल ओतलं. मग आईनं हात धरून बसवलं म्हणून अर्धी भाकर खाल्ली. खाता खाता तिला दिसलं, बाप बाभळीखालून निघाला आणि विमानाभोवती फिरला. बाजारात बैल पाहावा तसा, सावकाश, मधूनच वाकून. उडण्याआधी विमानाभोवती एक फेरी मारून सगळं तपासायचं, हा तिचा नेम. त्या दिवशी ती बापाची फेरी बघत राहिली आणि स्वतःची विसरली.

विमान गायरानावर धावलं. अर्ध्यात तिची नजर वेगाच्या काट्यावर गेली. काटा शून्यावर. थांबायला जागा उरली नव्हती, समोर बाभळी. तिनं विमान उचललं. वेग कमी पडला की विमान दगडासारखं खाली येतं, आणि वेग किती ते कळायला मार्ग नाही. दोन तास तिनं इंजिनाचा आवाज आणि बुडाखालची थरथर यांवर विमान चालवलं. पुढं न जाता आपल्याच तळावर परतली आणि गरजेपेक्षा जोरात उतरली. धावपट्टी संपली, विमान गवतात घुसलं, एक टायर फुटलं. बाकी विमान धड.

पंखाखाली पुढं तोंड करून एक बारीक नळी असते. तीत वारा शिरतो, त्यावर वेगाचा काटा हलतो. मेकॅनिकनं तीतून तारेनं एक बोळा ओढून काढला. घट्ट वळलेला कापूस, वर धोतराची चिंधी.

कोकिळानं ओळखला. पेरणी झाली की वऱ्हाडात तिफणीच्या नळ्यांना असेच बोळे मारतात. नाहीतर कुंभारीण माशी आत मातीचं घर करते, मग बी खाली पडत नाही. तीन वर्षं न बोललेल्या बापानं लेकीच्या विमानाची काळजी घेतली होती.

"घातपात आहे हा," साहेब म्हणाला. "कुणी केला? नाव सांग. संध्याकाळपर्यंत पोलीस पोचतील."

बेचाळीसला तारा तोडल्या म्हणून आत गेलेले लोक अजून सुटले नव्हते. एका म्हाताऱ्याचा कापसाचा बोळा या साहेबाला कोण समजावणार? आणि समजून घ्यायची त्याला गरज काय?

कोकिळानं कागदावर लिहिलं: 'उड्डाणापूर्वी मी विमान तपासलं नाही. बोळा घालताना मी कुणाला पाहिलं नाही.'

दोन्ही वाक्यं खरी होती.

"म्हणजे चूक तुझी?"

"माझी."

दुसऱ्या दिवसापासून ती टेलिफोनवर बसली. साहेबाच्या तोंडावर समाधान मावत नव्हतं. जेवणाच्या टेबलावर तो म्हणाला, शेवटी बाईच ती. ज्यांनी सात विमानं मोडली होती तेही हसले.

पुढं चैत्रात एका आठवड्यात विमानं पोचवणारे तिघे मेले. साहेबानं स्वतः येऊन तिच्या टेबलावर उड्डाणाचा हुकूम ठेवला. माफी मागितली नाही, त्या चुकीचं नावही काढलं नाही. पुरुष संपायला लागले की बाईची चूक आपोआप लहान होते. कोकिळानं हुकूम घेतला. त्या दिवसापासून ती फेरी मारताना प्रत्येक नळीत करंगळी घालून बघायची.

आषाढात चार दिवसांची रजा मिळाली. घरी गेली तर बाप ओसरीवर तिफणीला बोळे मारत बसलेला. त्यानं मान वर केली नाही.

"काऊन व," तो म्हणाला, "तुह्या त्या नळीत कुंभारीण तं नाई ना शिरली?"

कोकिळा त्याच्या शेजारी टेकली. कापसाचा एक पुंजका घेऊन वळू लागली.

"नाई शिरली, बाबा."

"मंग," बाप म्हणाला. "कोनाच्या ध्यानातच नाई येत ते. अजून घट्ट वळ, सुटते तो."