कापलेल्या दोराचा नाताळ

मित्रांनो, मी एक जुनी रिंग आहे. बोटातली नव्हे, समुद्रकाठची. बुडणाऱ्या माणसाकडे फेकतात ती, नारिंगी रंगाची. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, शॅनन शहरापासून तासाभरावर, एका छोट्या गावाच्या दगडी धक्क्यावर पिवळा खांब आहे. त्या खांबावर मी अकरा वर्षे लटकते आहे.

कारखान्यात मला साच्यातून काढले आणि पाण्याच्या हौदात दाबून धरले. हात सुटताच मी वर उसळले. "तरंगते," असे म्हणून तपासणाऱ्या बाईने शिक्का मारला. मग मला तीस मीटर लांबीचा निळा दोर बांधला. तेव्हाच मला कळले की मी माणसाला फक्त तरंगत ठेवते, काठावर आणतो तो दोर.

मी स्वभावाने भित्री आहे. अकरा वर्षांत मला तीनदा पाण्यात फेकले, त्यातले दोनदा नुसती गंमत म्हणून. कोणी माझ्यावर नावे कोरली, कोणी मला गळ्यात घालून फोटो काढले. माझी काळजी एकाच माणसाला होती. डोनल हे गावातले निवृत्त पोस्टमन. ते दर रविवारी येत, दोर हातातून सरकवून बघत, गाठ ओढत आणि म्हणत, "ग्रँड!" म्हणजे सगळे ठीक आहे. त्या एका शब्दावर माझा आठवडा निघत असे.

गेल्या डिसेंबरात डोनल कंबरेच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते. नाताळला चार दिवस उरले होते. वारा सुटला होता. एक गाडी धक्क्याजवळ थांबली. तिच्या टपावर नाताळचे झाड बांधले होते आणि त्याची सुतळी तुटली होती. गाडीतून जयेश उतरला. तो मूळचा नागपूरचा, शॅननच्या एका कारखान्यात इंजिनिअर. त्याने इकडेतिकडे पाहिले. मग त्याची नजर माझ्यावर पडली.

त्याने माझी गाठ सोडवून पाहिली. ती सुटेना. त्याने गाडीतून चाकू आणला.

"बाबा, दॅट्स नॉट आवर्स," मागच्या सीटवरून त्याची नऊ वर्षांची मुलगी स्वरांगी म्हणाली.

"अगं, झाड रस्त्यात पडलं तर मागच्या गाडीला अपघात होईल. उद्या आणून बांधतो ना."

त्याने दोर कापला. मला मात्र नीट, होते तशीच खांबावर अडकवले. मित्रांनो, तेच सगळ्यात वाईट झाले. मी नाहीशी झाले असते तर कोणाच्या तरी लक्षात आले असते. आता मी लांबून धडधाकट दिसत होते.

उद्या झाला, परवा झाला. जयेश आला नाही. धक्क्यावर कोणी वाकून पाहिले तरी माझा जीव टांगणीला लागायचा.

नाताळची सकाळ उजाडली. या देशात त्या दिवशी लोक गोठवणाऱ्या समुद्रात उड्या मारतात. लाल टोप्या घातलेली पन्नास-साठ माणसे जमली. डोनलही आले होते, दोन काठ्या टेकत. ते धक्क्याच्या तोंडाशी खुर्चीवर बसले. त्यांनी लांबूनच माझ्याकडे पाहिले आणि मान हलवली. "ग्रँड!"

मला ओरडावेसे वाटले. पण मला तोंड नाही.

जयेश बायको-मुलीला घेऊन आला होता. त्याच्या कारखान्यातली काशाही आली होती. ती पोलंडची. पोहून आल्यावर चहा ओतता ओतता ती सांगत होती, "आमच्याकडे नाताळच्या आदल्या संध्याकाळी टेबलावर एक ताट जास्तीचं मांडतात. न बोलावता कोणी आलं तर त्याच्यासाठी."

"आम्ही खिडकीत मेणबत्ती लावतो," डोनल म्हणाले. "तीही वाट चुकलेल्यासाठीच."

जयेशची बायको विभावरी म्हणाली, "माझ्या माहेरी शेजारच्या डिकुन्हा काकू नाताळला नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं, ताट पाठवायच्या. आई ते कधी रिकामं परत करायची नाही. चकल्या घालून द्यायची." तिने स्वतः केलेल्या चकल्यांचा डबा पुढे केला. मग टॉवेल जयेशच्या हातात दिला. "दोन मिनिटांत येते."

जयेशने माझ्याकडे पाहिले. त्याला आठवले, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसले. इतक्या लोकांसमोर तो काही बोलला नाही. त्याने नजर वळवली.

विभावरी पोहण्याच्या तलावात पोहणारी. समुद्राची थंडी तिला ठाऊक नव्हती. उडी मारल्यावर ती वर आली, पण तिला श्वास घेता येईना. ओहोटी तिला बाहेर ओढत होती. लोक हसत होते, गात होते. तिचा हात एकदा वर आला आणि खाली गेला.

"आई!" स्वरांगी किंचाळली. "आई कान्ट ब्रीद!"

पोहून नुकतीच बाहेर आलेली काशा धावली. तिने मला ओढून काढले आणि अंगातला सगळा जोर लावून फेकले. मी विभावरीच्या पुढ्यात पडले. तिने मला छातीशी घट्ट धरले.

"दोर ओढा!" डोनल ओरडले.

काशाने स्वतःच्या रिकाम्या हातांकडे पाहिले. "दोर नाही!"

आम्ही दोघी धक्क्यापासून दूर चाललो होतो. विभावरीचे दात वाजत होते. माझ्या कडेवरची तिची बोटे एकेक करून सैल होऊ लागली. आयुष्यात मी इतकी कधी घाबरले नव्हते.

तेवढ्यात जयेशचा आवाज ऐकू आला. "दोर मी कापला! मी कापलाय तो! गाडीत आहे!"

तो पळत गेला आणि पळत आला. निळ्या दोरात झाडाच्या हिरव्या काड्या अजून अडकलेल्या होत्या. तो दोर हातात घेऊन पाण्याकडे झेपावला, तशी डोनलनी काठी आडवी घातली.

"तुला पोहता येतं?"

"नाही."

"मग काशाला बांध. तू इथे राहून ओढ."

काशा कंबरेला दोर बांधून परत पाण्यात शिरली. तिने विभावरीच्या काखेतून हात घातला आणि ती ओरडली, "ओढा!" जयेश आणि आणखी दहा जणांनी दोर ओढला. विभावरीला काठावर घेतले तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. पण ती श्वास घेत होती.

तिला ब्लँकेटात गुंडाळून दवाखान्यात नेले. जयेश डोनलसमोर उभा राहिला. डोनल एवढेच म्हणाले, "सकाळी सांगितलं असतंस तर मी कोणालाच पाण्यात सोडलं नसतं."

सहा जानेवारीला इथे बायकांचा नाताळ असतो. त्या दिवशी घरकाम पुरुष करतात आणि बायका मैत्रिणींबरोबर बाहेर पडतात. विभावरी काशाबरोबर धक्क्यावर आली. ती पायऱ्या उतरली, तिने पाण्यात घोट्यापर्यंत पाय घातले आणि लगेच मागे घेतले. "अजून भीती वाटते गं," ती म्हणाली. काशाने तिचा हात धरला. दोघी तिथेच पायरीवर बसल्या.

मला आता नवा दोर बांधला आहे. तरी गाडी थांबली की मी दचकते. मित्रांनो, समुद्रकाठी, तळ्याकाठी, नदीकाठी माझ्या बहिणी लटकलेल्या दिसतील. त्यांच्याशी खेळू नका. त्यांना दोर आहे का, तेवढे बघा. नसेल तर लगेच मोठ्यांना सांगा. आणि चूक तुमच्याच हातून झाली असेल, तर कोणी पाण्यात उतरायच्या आधी सांगा.